काजळीच्या गळ्यातलं गाठोडं

सुषमानं आयुष्यात एकच गोष्ट लिहिली होती. मुलांच्या एका मासिकानं दिवाळी अंकासाठी शिक्षकांकडून गोष्टी मागवल्या होत्या. तिनं चार फुलस्केप कागद भरून पाठवले आणि त्यांनी ते छापले, एवढंच. अंकाची एक प्रत पोस्टानं घरी आली. तिचा नवरा दौंडला रेल्वेत पॉइंट्समन होता. त्यानं तो अंक ड्यूटीवर नेला, केबिनमधल्या लोकांनाही वाचायला दिला, आणि अंक परत आला तेव्हा मुखपृष्ठावर चहाच्या कपाचे दोन गोल उमटले होते. पुढं दोन वर्षं त्या गोष्टीचं कुणी नाव काढलं नाही. सुषमा रोज सकाळी दौंडहून पॅसेंजरनं केडगावला उतरायची, तिथून सायकलवर शाळेत जायची आणि तिसरीच्या पोरांकडून पाढे म्हणून घ्यायची.

अठ्ठ्याण्णव सालच्या जूनमध्ये शाळेच्या पत्त्यावर तिच्या नावानं एक पत्र आलं. लिहिणारे ओगले म्हणून पुण्याचे गृहस्थ होते. चित्रकलेचे शिक्षक म्हणून ते निवृत्त झाले होते आणि गेली वीस वर्षं बाहुल्यांचे खेळ करत होते. टीव्हीवर दिवाळीत मुलांसाठी अर्ध्या तासाचा बाहुल्यांचा खास कार्यक्रम करायचं काम त्यांच्या मंडळाला मिळालं होतं. नातवाच्या जुन्या अंकांत त्यांना सुषमाची गोष्ट सापडली होती. तुमची परवानगी असेल तर हीच गोष्ट करू, असं त्यांनी लिहिलं होतं. सुषमानं पत्र दोनदा वाचलं आणि मधल्या सुट्टीत हेडमास्तरांनाही दाखवलं. त्यांनी ते फाइलला लावायला मागितलं, तेव्हा तिनं चटकन पर्समध्ये घातलं.

तिची गोष्ट अशी होती. धनगराचं एक बिऱ्हाड ऐन दिवाळीत एका गावाबाहेर उतरलेलं असतं. गावात पणत्या लागलेल्या, आणि पालात मात्र भाकरीपुरतंही पीठ नाही. पालातली लहान मुलगी रुसून झोपी जाते. तिचं लाडकं काळं कोकरू काजळी पहाटे मेंढरं कोंडायच्या जाळीखालून निसटतं आणि गावात घरोघर हिंडतं. रानात चरून चरून काजळीच्या लोकरीत गोखरूचे काटे अडकलेले असतात, त्यामुळं ती जाईल तिथलं काही ना काही तिच्या अंगाला चिकटत जातं. एका अंगणातली रांगोळी, कुणाच्या तोरणातली झेंडूची पाकळी, आकाशकंदिलाची झिरमिळी, उटण्याचा वास, आणि शेवटी एक अख्खी करंजी. सकाळी मुलगी डोळे उघडते, तर गावातली सगळी दिवाळी कोकराच्या अंगावर बसून पालात आलेली.

यातलं पुष्कळसं सुषमानं मनानं रचलेलं नव्हतं. ती सात वर्षांची असताना त्यांचं बिऱ्हाड शिरूरच्या पुढं घोड नदीकाठी, जांभळसर गावात उतरलं होतं. दिवाळीच्या दिवशी आईनं तिला आणि धाकट्या संपतला हलवून उठवलं होतं आणि ती म्हणाली होती, बघा, काजळीनं काय आणलं. कोकराच्या पाठीवर गुलाबी, पिवळी रांगोळी होती, पाकळ्या होत्या, आणि करंज्याही होत्या. सुषमाच्या आठवणीत त्या करंज्या लोकरीतच होत्या. करंजी लोकरीत टिकेल कशी, हा प्रश्न तिला सातव्या वर्षी पडला नाही. पुढं गोष्ट लिहिताना पडला, तेव्हा तिनं गोखरू घातले आणि वेळ मारून नेली.

रविवारी ती माहेरी गेली. माहेर म्हणजे केडगावपासून तीन मैलांवरची वस्ती. तिच्या वडिलांनी, रखमाजी आबांनी, कालव्याचं पाणी आलं तशी मेंढरं विकून टाकली होती. आता त्यांचा दोन एकर ऊस होता, दावणीला दोन म्हशी होत्या. संपत रांजणगावच्या एका कंपनीत पेंट शॉपमध्ये लागला होता आणि मोटरसायकलवर पाळ्या करत होता. सुषमानं टीव्हीची बातमी सांगितली तेव्हा संपतची मुलगी सोनम उड्या मारायला लागली, पण संपतला ते आवडलं नाही. तो म्हणाला, "आक्का, कंपनीत आमच्या लायनीला शंभर माणूस हाय. दिवाळीला आमच्या घरी पीठ नव्हतं, हे सगळ्यांना कशाला कळाय पायजे?" सुषमानं सांगितलं की गोष्टीत कुणाचंच आडनाव नाही, गावाचंही नाव नाही. त्यावर तो म्हणाला की लिहिणारीचं नाव तर आहे.

रखमाजी ओट्यावर बसून ऐकत होते. त्यांनी संपतला हातानंच थांबवलं. पीठ नव्हतं हे खरं आहे, त्यात लाजायचं काय, असं त्यांचं म्हणणं पडलं. मग त्यांनी सुषमाला जवळ बसवून एक गोष्ट विचारली, की कोकराला गावातल्या कुणी काही दिलं असं तिनं लिहिलंय का. ती नाही म्हणाली, सगळं आपोआप चिकटतं.

"मग करू दे," रखमाजी म्हणाले. "पर तेवढं तसंच ठेव. आपून त्या गावात कुणाच्या दारात गेलो न्हाई. कुणाचं खाल्लं न्हाई."

त्याचं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ज्या शेतात त्यांची मेंढरं खतासाठी बसवली होती, त्या शेताच्या म्हाताऱ्या मालकानं दसऱ्याच्या दिवशी चार माणसांत म्हटलं होतं की सणवार आला की ही बिऱ्हाडं दारात उभी राहतातच, त्यांना सवयच असते. रखमाजी तेव्हा पस्तिशीचेही नव्हते. त्याच दिवशी त्यांनी बायकोला, बयाबाईला, बजावलं होतं, की इथून हलेपर्यंत गावातल्या एकाही उंबऱ्याला पाय लावायचा नाही. बयाबाई आता चुलीशी भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं नाही. सुषमानं आबांना शब्द दिला आणि त्याच रात्री ओगल्यांना होकार लिहिला.

ओगले ऑगस्टमध्ये स्वतः शाळेत आले. उंच, वाकलेले, बोटांना डिंकाचे डाग. त्यांनी पिशवीतून चित्रं काढून टेबलावर मांडली. कोकरू पांढरंशुभ्र होतं, कापसाच्या गोळ्यासारखं, कान ताठ. सुषमा म्हणाली की अशी मेंढरं कॅलेंडरवर असतात. आपल्याकडच्या मेंढराचे कान लोंबते असतात, नाक फुगीर असतं आणि लोकर खरखरीत, काळी. ओगल्यांनी तिथल्या तिथं खडूनं फळ्यावर नवीन कोकरू काढलं, तिनं नाक दोनदा दुरुस्त करायला लावलं, आणि तिसरीचा वर्ग खिडकीत जमा झाला. लोकरीचं तिनंच जमवलं. बयाबाईकडं जुन्या लोकरीची उशी होती, ती तिनं उसवून दिली.

चित्रीकरण सप्टेंबरात पुण्यातल्या एका हॉलमध्ये दोन दिवस होतं. टीव्हीचा कॅमेरा आणि माणसं दोनच दिवसांसाठी मिळाली होती. सुषमानं दोन्ही दिवस रजा काढली. पहिला दिवस छान गेला. पाल उभं होतं, त्यात वीतभर उंचीची मुलगी रुसून बसली होती. काजळी इतकी हुबेहूब झाली होती, की ती पहिल्यांदा मान हलवून चालली तेव्हा सुषमा खुर्चीवरून उठून उभी राहिली. बाहुल्या दोऱ्यांवरच्या होत्या. वरच्या फळीवर ओगले आणि त्यांची दोन माणसं ओणवी होऊन दोऱ्या हलवत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम अडलं. काजळी गावात शिरली, पहिल्या अंगणात लोळली, रांगोळी अंगाला लागली. तिथवर ठीक होतं. पण पाकळी चिकटवली की ती दोरीत अडकायची. झिरमिळी लावली की दोन दोऱ्यांचा गुंता व्हायचा आणि कोकरू एका पायावर लटकायचं. डिंक लावून पाहिला, तर दिव्यांच्या उष्णतेनं तो पातळ होऊन करंजी घसरून खाली पडायची. ती करंजी लाकडाची होती. ती पडल्याचा आवाज दर वेळी माइकमध्ये जायचा. अकरा वाजले, बारा वाजले, एक वाजला. कॅमेऱ्याचा माणूस घड्याळ बघायला लागला. चार वाजता ते सामान आवरणार होते.

जेवणाच्या सुट्टीत ओगल्यांनी पेटारा उघडला. राजाराणीच्या जुन्या खेळातली दासीची एक बाहुली त्यांच्याकडं पडून होती. त्यांनी तिच्या डोक्यावरचा मुकुटासारखा पट्टा काढला, तिला हिरव्या तुकड्याचं लुगडं नेसवलं आणि कपाळावर कुंकू रेखलं. मग सुषमाला बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं, की काजळी एका घराच्या मागच्या दाराशी येते, ही बाई दार उघडते, इकडं तिकडं बघते, फराळाचं गाठोडं कोकराच्या गळ्यात बांधते आणि दार लावून घेते. गाठोडं एकदा बांधलं की दोरीत अडकत नाही. वीस मिनिटांचं काम.

सुषमा म्हणाली हे चालणार नाही. तिनं गोष्टीचा मुद्दाच सांगितला, की कुणी दिलेलं नाही, आपोआप आलेलं आहे, म्हणून तर ती मुलांची गोष्ट आहे. ओगल्यांना ते पटत होतं. मग तिनं न राहवून वडिलांना दिलेला शब्दही सांगितला. ओगले खुर्चीवर बसले. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"बाई, मी तुम्हाला फसवत नाही," ते म्हणाले. "तीन तासांत दुसरं काही जमत असेल तर सांगा. मी तसं करतो."

ती हॉलच्या पायरीवर जाऊन अर्धा तास डोकं खाजवत बसली. चुंबक, पिना, मेण, जे सुचलं ते तिनं आत येऊन सांगितलं, आणि प्रत्येकाचं काय होईल ते दोऱ्या हलवणाऱ्या माणसानं करूनच दाखवलं. शेवटी अडीच वाजता तिनं होकारार्थी मान हलवली. त्या दिवशी परतीच्या गाडीत तिला जागा मिळाली तरी ती दारातच उभी राहिली. घरी कुणाला तिनं काही सांगितलं नाही. टीव्हीवर दाखवतील तोवर काहीतरी घडेल, कार्यक्रम रद्द होईल, वीज जाईल, असं तिला वाटत राहिलं. पुढच्या दीड महिन्यात ती दोनदा वस्तीवर गेली आणि दोन्ही वेळा आबांपुढं बसून उसाच्या तोडीबद्दल बोलून परत आली.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी दहाला कार्यक्रम होता. बयाबाईनं निरोप धाडला होता की तू इथंच ये, सगळी मिळून बघू. नवऱ्याला सुट्टी नव्हती, ती एकटीच गेली. संपतच्या खोलीत आजूबाजूची वीसेक माणसं दाटीवाटीनं बसली होती. रखमाजी खाटेवर, पुढं जमिनीवर सोनम आणि वस्तीतली पोरं, दाराशी बायका. वीज होती. नावं आली, त्यात सुषमाचं नाव आलं, आणि संपतनंच पहिल्यांदा टाळी वाजवली.

हाक ऐकून काजळी पडद्यावर आली तशी म्हातारी माणसं हसली. आपलंच मेंढरू हाय, म्हणून कुणीतरी बोललं. पोरं रांगोळीच्या जागी खिदळली. मग मागचं दार उघडलं, हिरव्या लुगड्यातली बाई बाहेर आली, तिनं इकडं तिकडं पाहिलं आणि कोकराच्या गळ्यात गाठोडं बांधलं. सुषमा टीव्हीकडं बघतच नव्हती, ती वडिलांकडं बघत होती. रखमाजींनी गुडघ्यावरचा हात उचलून पुन्हा ठेवला. त्याच वेळी दाराशी बसलेली बयाबाई उठली, पदर सावरून बाहेर गेली.

कार्यक्रम संपला. लोकांनी सुषमाची वाहवा केली, पेढे वाटले गेले. माणसं पांगल्यावर रखमाजी खाटेवरून उठले. "सांगितलं हुतं तुला," एवढंच ते म्हणाले आणि फेटा बांधून उसाच्या वाटेला लागले.  सुषमा आईला शोधत गोठ्याकडं गेली.

बयाबाई म्हशींपुढं वैरण टाकत होती. सुषमानं तिला सांगायला सुरुवात केली की मी भांडले, मी नको म्हटलं होतं, दोऱ्यांचा गुंता होत होता. बयाबाईनं मधेच विचारलं, "त्यास्नी कुणी सांगितलं?"

"काय?"

"मागल्या दाराचं."

सुषमा म्हणाली की कुणीच नाही सांगितलं, त्यांच्याकडं एक जुनी बाहुली शिल्लक होती म्हणून त्यांनी ते जुळवलं. बयाबाईनं हातातली वैरण खाली ठेवली आणि ती गव्हाणीच्या कडेला टेकली.

"लुगडं हिरवं नव्हतं," ती म्हणाली. "बाकी तसंच झालं हुतं."

मग तिनं सांगितलं ते असं. त्या दिवाळीला सुषमा रडून रडून उपाशी झोपली होती आणि संपतच्या अंगात ताप होता. रखमाजी मेंढरांच्या राखणीला जाळीपाशी होते. बयाबाई पहाटे पाणी आणायला म्हणून निघाली, आणि पाय विहिरीकडं न जाता गावात गेले. ज्या घरचा म्हातारा तसं बोलला होता, त्याच घराच्या मागच्या दारी ती जाऊन उभी राहिली, कारण आतून तळणाचा वास येत होता. दार उघडलं ते त्या घरच्या सुनेनं, झुंबरबाईनं. तीही तेव्हा बयाबाईच्याच वयाची.

"म्या मागितलं न्हाई. नुसती उभी ऱ्हायले. तिनं बी काय इचारलं न्हाई. आत गेली, फडक्यात बांधून आणलं, माझ्या हातात दिलं आन् दार लावून घेतलं."

परतताना बयाबाईनं अंगणातल्या रांगोळीची चिमूट उचलली, तोरणाच्या खाली पडलेल्या पाकळ्या गोळा केल्या. रखमाजी राखणीहून यायच्या आत पोरांना खाऊ घालायचं होतं, आणि त्यांनी पोरांना विचारलं तर पोरांनी काय सांगायचं तेही ठरवायचं होतं. म्हणून तिनं कोकरू धरलं, रांगोळी त्याच्या पाठीवर भुरभुरली, पाकळ्या लोकरीत खोवल्या, करंज्या मानेशी धरल्या आणि पोरांना हाक मारली. रखमाजींनी पोरांच्या तोंडून कोकराची कहाणी ऐकली तेव्हा ते हसले. पोरांचा खेळ समजले. तिनं त्यांना त्यातलं काही दिलं नाही, स्वतःही खाल्लं नाही. फडकं नदीत सोडून दिलं.

सुषमा ऐकत उभी होती. तिच्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की आपण लिहिलेली एकुलती एक गोष्ट आपली नव्हतीच, ती आईनं आधीच रचून ठेवली होती. हे मनात आल्याची तिला लगेच लाज वाटली. तिनं आईचा हात धरला. आबांना मी काही सांगणार नाही, असं ती म्हणाली, तर बयाबाई नको म्हणाली. ते तुझ्यावर रागावले आहेत आणि चूक माझी आहे, तेव्हा सांगायचं ते मीच सांगेन.

पाडव्याला रखमाजींना ओवाळताना बयाबाईनं सांगितलं. सुषमा तेव्हा दौंडला होती. भाऊबीजेला ती वस्तीवर आली तेव्हा संपतच्या बायकोनं तिला स्वयंपाकघरात घेऊन सांगितलं की आबांनी ओवाळणी टाकली, उठले, आणि तेव्हापासून बयाबाईशी एक शब्द बोललेले नाहीत. जेवायला येतात, जेवतात, जातात. कुणावर ओरडत नाहीत. सुषमाशी मात्र ते नेहमीसारखे बोलले, जावयाच्या ड्यूटीचं विचारलं. संपतला ओवाळून झाल्यावर ते तिला अंगणात म्हणाले की त्या दिवशी तुला बोललो ते मनावर घेऊ नको.

बयाबाईला आता जांभळसरला जायचं होतं. इतकी वर्षं ती त्या वाटेनं गेली नव्हती. झुंबरबाई आहे की नाही तेही तिला ठाऊक नव्हतं. सुषमाच्या शाळेला सुट्टी होती, म्हणून पुढच्या सोमवारी दोघी निघाल्या. चौफुल्याहून एसटीनं न्हावऱ्यावरून शिरूर, आणि शिरूरहून कंपनीच्या माणसांनी भरलेल्या जीपमधून जांभळसर. रखमाजींना सांगितलं की शिरूरला बाजाराला जातोय. ते बरं म्हणाले.

झुंबरबाई होती. केस पांढरे झालेले, गुडघ्यांनी बेजार, पण आवाज खणखणीत. जुनं घर पाडून तिथं स्लॅबचं घर झालं होतं. ओट्यावर तिची नातवंडं, सार्थक आणि तेजश्री, कापसाचं मेंढरू करत बसली होती. सुषमानं विचारलं तर सार्थक म्हणाला टीव्हीवर दाखवलं होतं तसलं करतोय, पण ते काळं होतं आणि काळा कापूस मिळत नाही.

बयाबाईनं ओळख सांगितली, कोणत्या शेतात मेंढरं बसली होती ते सांगितलं, आणि मग पहाटेची ती गोष्ट सांगितली. झुंबरबाई लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी तिनं सरळ सांगितलं, "बाई, मला काय बी आठवत न्हाई. तवा मागल्या दारी कोण ना कोण यायचंच. सासरे करडे हुते, म्हून पुढल्या दारी कुणी येत नव्हतं."

बयाबाई हसली. तिला वाईट वाटलं असं दिसलं नाही. तिनं एवढंच विचारलं की ते दार कुठं होतं. झुंबरबाईनं काठी टेकत घरामागं नेऊन दाखवलं. दाराच्या जागी गोबर गॅसची टाकी होती. दोघी म्हाताऱ्या टाकीशेजारी उभ्या राहून गुडघ्यांच्या औषधाबद्दल बोलल्या.

चहा झाल्यावर झुंबरबाई म्हणाली, "पर तुमचं मालक ह्यातलं काय बोललं न्हाईत, त्याचं काय कारण?"

सुषमानं विचारलं, कोण मालक.

"रखमाजी न्हवं का? परवा शनिवारी येऊन गेलं की."

तिनं सांगितलं की एक म्हातारा, पांढरा फेटा, धुतलेलं धोतर, दुपारी ओट्यापाशी आला. नाव सांगितलं, एके काळी इथं मेंढरं बसवली होती असं म्हणाला. सर्जेराव, म्हणजे झुंबरबाईचे मालक, घरी होते. त्यांनी बसवून घेतलं. दोघं उसावर बोलले, घोडच्या पाण्यावर बोलले. बोलताना म्हातारा सारखा आत बघत होता. झुंबरबाई चहा घेऊन आली तेव्हा त्यानं काखेतली घडी तिच्यापुढं ठेवली आणि उठला.

झुंबरबाई आत जाऊन ती घडी घेऊन आली. काळं घोंगडं होतं, कोरं. बयाबाईनं त्याच्या काठावरून बोट फिरवलं. मेंढरं विकायच्या आधीच्या शेवटच्या कातरणीच्या लोकरीचं घोंगडं रखमाजींनी विणून घेतलं होतं आणि सतरा वर्षं पेटीत ठेवलं होतं. सोनमच्या लग्नात द्यायचं, असं ते म्हणायचे.

"म्या म्हणलं, हे कशापायी?" झुंबरबाई सांगत होती. "तर म्हणले, द्यायचं हुतं, उशीर झाला. आन् निघून गेलं."

शनिवारी रखमाजी कांद्याचं बी बघायला शिरूरला गेले होते, असं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बी आणलं नव्हतं, भाव बरा नव्हता म्हणाले होते.

परतीच्या गाडीत बयाबाई खिडकीशी बसली होती. न्हावरा आल्यावर ती म्हणाली, आपल्याला कळलंय हे त्यास्नी सांगू नगो. सुषमानं होकार दिला. वस्तीवर पोचल्या तेव्हा रखमाजी म्हशीची धार काढत होते. त्यांनी मान न वळवता विचारलं, गाडीला गर्दी होती का. हा प्रश्न बयाबाईला होता. पाडव्यापासूनचा पहिला. ती म्हणाली, व्हय, न्हावऱ्यापर्यंत उभंच ऱ्हावं लागलं. हे खोटं होतं, पण त्यावर ते म्हणाले की सकाळची गाडी बरी असते, आणि दोघांचं बोलणं सुरू झालं.

डिसेंबरात ओगल्यांचं पत्र आलं. कार्यक्रम लोकांना आवडला होता. आता तो खेळ गावोगावच्या शाळांमधून करायचा त्यांचा विचार होता. शाळेत तीन तासांची घाई नाही, तेव्हा हवं तर गोखरूची युक्ती पुन्हा करून बघू, काठीच्या बाहुल्या वापरल्या तर जमेल, असं त्यांनी मोकळेपणानं लिहिलं होतं. निर्णय सुषमावर सोपवला होता.

तिनं ते पत्र वस्तीवर नेलं आणि आबांना वाचून दाखवलं. मूळची गोष्ट परत मिळत होती, ती आता घ्यावी की नाही हे तिचं तिला ठरवता येत नव्हतं. रखमाजींनी पत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, जणू मागंही काही लिहिलं असेल.

"ती बाई ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "दार बी ऱ्हाऊ दे. पर त्या ओगल्याला म्हणावं, मेंढराला हाक मारतोस ती चुकीची हाय. तशी कुत्र्याला मारत्यात."

सुषमानं तसं लिहिलं. जानेवारीत ओगले टेपरेकॉर्डर घेऊन वस्तीवर आले. रखमाजींनी आधी चहा पाजला, मग अंगणात उभं राहून, तोंडाला हात लावून, जीभ टाळूला लावत तीन प्रकारच्या हाका दाखवल्या. एक पाण्यावर न्यायची, एक जाळीत घ्यायची, आणि एक चुकलेल्या कोकराची. सोनम हसून लोळायला लागली. तिसरी हाक टेपवर नीट आली नाही, म्हणून ओगल्यांनी ती पुन्हा मारायला लावली. रखमाजींनी घसा खाकरला आणि आणखी मोठ्यानं मारली.